ऑटोमॅटिक गाडीतला न्यूट्रल: घाटात, चौकात आणि पुरात

ऑटोमॅटिक गाडीच्या दांड्याशेजारी पी, आर, एन, डी अशी अक्षरे ओळीने लिहिलेली असतात. गाडी उभी करून जायचे तर पी, मागे घ्यायची तर आर, पुढे न्यायची तर डी, एवढे शोरूमच्या आवारातच कळून जाते. वाद उरतो तो एनचा. सिग्नलला एन करावा की डीमध्येच ब्रेक दाबून थांबावे, घाट उतरताना एन केल्याने ॲव्हरेज वाढते का, उभ्या गाडीला एन आणि हँडब्रेक पुरतो का, असे प्रश्न गॅरेजागणिक निघतात आणि प्रत्येक फिटर वेगळे उत्तर देतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे प्रश्न रोजच्या रस्त्यातूनच उभे राहतात. खंबाटकी, पसरणी, केळघर, यवतेश्वर, कुंभार्ली हे घाट आहेत. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमागे मुंगीच्या पावलांनी सरकणारी वाहतूक आहे. आणि काही वर्षांनी एकदा कृष्णेचे पाणी पार्किंगमध्ये शिरते. या तिन्ही ठिकाणी एनचे काम वेगळे आहे. ते न पाहता एन चांगला किंवा वाईट असा सरसकट निकाल दिला, की तो अर्ध्या वेळा चुकतो. माझे म्हणणे असे, की कोणता गिअर टाकावा हे विचारण्याआधी या क्षणी गाडी कशाने धरलेली आहे, हे विचारावे. मग बहुतेक उत्तरे सरळ मिळतात. डीमध्ये चाके इंजिनाशी जोडलेली असतात, पीमध्ये गिअरबॉक्समधल्या एका खिट्टीने अडवलेली असतात. एनमध्ये त्यांना कोणीच धरलेले नसते. विसावा म्हणून एन वापरणारे लोक नेमके हेच विसरतात.

ही सवय मॅन्युअल गाडीतून आलेली आहे. थांबायचे म्हणजे क्लच दाबायचा, गिअर काढायचा आणि डावा पाय सोडायचा, असे शिक्षण आपल्या कित्येक पिढ्यांना मिळाले. मॅन्युअल गाडीत ते योग्यही आहे, कारण सिग्नलभर क्लच दाबून बसले तर रिलीज बेअरिंग झिजते. पण २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीने सेलेरिओ ही एएमटी गाडी आणली आणि चित्र बदलले. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच; फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम चालकाऐवजी विजेवर वा तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा करते. ती स्वस्त पडली, आणि तोवर मोठ्या शहरातल्या मोठ्या गाडीची समजली जाणारी सोय कराड, विटा, फलटणसारख्या गावांत पोहोचली. परवाना देण्याची पद्धत मात्र जुनीच राहिली. दुचाकीच्या परवान्यात गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे, मोटारीच्या परवान्यात तसा नाही. मॅन्युअल गाडीवर शिकलेला माणूस एका दुपारी ऑटोमॅटिक घेतो आणि डाव्या पायाची विद्या डाव्या हाताने वापरू लागतो.

एन मुळात तिथे कशाला आहे, याचा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे. जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. पुढची काही वर्षे प्रत्येक कंपनीचा गिअरांचा क्रम आपापला होता. काही गाड्यांत पुढे जाण्याच्या खालच्या गिअरला लागूनच रिव्हर्स असे, म्हणजे दांडा एक घर जास्त सरकला तर पुढे जाणारी गाडी मागे जायची. अमेरिकेने १९६८ पासून लागू केलेल्या सुरक्षा मानकांपैकी १०२ क्रमांकाच्या मानकाने हा गोंधळ मिटवला: पुढे जाण्याच्या आणि मागे जाण्याच्या जागांमध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे. म्हणजे पुढच्या आणि मागच्या हालचालींमधली सुरक्षित फट हे एनचे पहिले काम झाले. दांड्याच्या रचनेतही हा हेतू दिसतो. बहुतेक गाड्यांत डीमधून एनमध्ये जायला दांड्यावरचे बटण दाबावे लागत नाही, नुसते ढकलले की काम होते. एनच्या पुढे आरकडे जायला मात्र बटण दाबावे लागते. आणीबाणीत एन पटकन सापडावा, पण आर चुकून लागू नये, अशी ही सोय आहे. उतारावर पेट्रोल वाचवण्याशी या रचनेचा काही संबंध नाही.

आता त्या पेट्रोलकडेच येऊ, कारण एनच्या बाजूने सर्वांत जास्त वेळा मांडला जाणारा मुद्दा तोच आहे. उतारावर गाडी आपोआपच जाते, मग इंजिन कशाला फिरवायचे? कार्ब्युरेटरच्या काळात या बोलण्यात तथ्य होते. गिअरमध्ये उतरताना इंजिन जोरात फिरे आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढतच राही. न्यूट्रलमध्ये ते मंद गतीवर येई. प्रिमिअर पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडर चालवलेल्या मंडळींचा अनुभव त्यामुळे खोटा नव्हता. पण २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, फ्युएल इंजेक्शन आले आणि गणित उलटे झाले. आजच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते, त्याला इंधन लागत नाही. वेग फार कमी झाल्यावरच फवारा पुन्हा सुरू होतो. एन केला की चाकांची ही मदत तुटते आणि इंजिनाला बंद न पडण्यासाठी स्वतःचे पेट्रोल जाळावे लागते. लहान पेट्रोल इंजिन नुसते चालू ठेवायला तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर लागते. पाचगणीहून वाईला उतरायला पंचवीस मिनिटे धरली, तर एनमध्ये वीस-तीस रुपयांचे पेट्रोल जळते आणि डीमध्ये त्याहून कमी. बचत म्हणून जे केले, तो खर्चच निघाला.

यावर जाणकार वाचक एक रास्त आक्षेप घेईल. उतार अगदी सौम्य असेल, तर गिअरमधली गाडी इंजिनाच्या ओढीने मंदावते आणि पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. एनमध्ये तीच गाडी त्याच वेगाने लांबवर घरंगळते. तेव्हा हिशेब एनच्या बाजूने झुकू शकतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. काही युरोपीय कंपन्यांनी याच कारणासाठी आपल्या ऑटोमॅटिक गाड्यांत चालत्या गाडीचे इंजिन आणि चाके काही काळ आपोआप वेगळी करण्याची सोय दिली आहे. पण त्या सोयीत यंत्र काय करते ते बघावे. रस्ता उतरता आहे की सपाट, वेग किती, ब्रेक दाबला का, हे ते सतत तपासते आणि ब्रेकला पाय लागताच गिअर पुन्हा जोडते. हाताने एन करणारा माणूस हे करत नाही. वळण आले, समोर एसटी आली, म्हशी आल्या, की त्याचा पाय ब्रेकवर जातो आणि दांडा एनमध्येच राहतो. शिवाय सौम्य उताराचा जो फायदा आहे, तो एका फेरीला काही रुपयांच्या पलीकडे जात नाही. चाकांतली हवा नीट ठेवल्याने आणि पुढच्या वाहनापासून अंतर राखून ब्रेक कमी वापरल्याने त्याहून जास्त वाचते.

पेट्रोलचा हिशेब बाजूला ठेवून ब्रेकचा हिशेब मांडला, की घाटातल्या एनबद्दल शंका उरत नाही. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७१८ मीटरवर आहे, पाचगणी १२९३ मीटरवर. म्हणजे पसरणीचा रस्ता बाराएक किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर खाली येतो. माणसे आणि सामान धरून १४०० किलोची गाडी एवढी खाली येते, तेव्हा जवळजवळ ८० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावीच लागते. टायरांचे घर्षण आणि हवेचा अडथळा त्यातली तिसऱ्या हिश्शाच्या आसपास खाऊन टाकतात. उरलेली ऊर्जा सोळा-सतरा लिटर गार पाणी उकळीपर्यंत नेईल एवढी आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन घेते आणि रेडिएटर व सायलेन्सरच्या वाटे बाहेर टाकते. एनमध्ये सगळा वाटा चार चाकांच्या ब्रेकवर पडतो. ब्रेक पॅड एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड कमी होते. पाय तेवढाच दाबला तरी गाडी पूर्वीइतकी थांबत नाही. त्याहून धोक्याचे ते ब्रेक ऑइलचे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळून त्याची वाफ झाली की पेडल एकदम मऊ पडते आणि तळाला जाते. महाबळेश्वरच्या पावसाळी हवेत वापरलेल्या, दोन-तीन वर्षे ऑइल न बदललेल्या गाडीला हा धोका जास्त.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा, कारण तो एनच्या विरोधकांचा आहे. न्यूट्रलमध्ये ब्रेक लागत नाहीत, असे ठामपणे सांगितले जाते. ते खरे नाही. इंजिन चालू असेल तर एनमध्येही ब्रेकला बूस्टरची पूर्ण साथ असते आणि स्टिअरिंगही हलके राहते. खरा घात इंजिन बंद करून उतरण्यात आहे. बूस्टरमध्ये उरलेली निर्वात पोकळी दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत पुरते, नंतर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. ट्रक-टँकरमध्ये तर ब्रेकची हवाच इंजिनावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून येते. साताऱ्याकडून पुण्यात शिरताना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार या कारणाने बदनाम झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना ठोकरले, तेव्हा इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी मोकळी सोडल्याची बाब बातम्यांत ठळकपणे आली होती. ट्रकचे उदाहरण मोटारीला कशाला, असे कोणी म्हणेल. ट्रकचे वजन मोटारीच्या वीसपट आणि ब्रेकची जात वेगळी, हे मान्य. पण दोन्हीकडे चालकाचा विचार तोच असतो: उतार फुकट आहे, तर इंजिन कशाला? मोटारीत तो विचार बहुतेक वेळा निभावून जातो, एवढाच फरक. वाहतुकीच्या नियमांचे ब्रिटनमधले पुस्तक, हायवे कोड, १२२ व्या नियमात गाडी न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून घरंगळू देण्याविरुद्ध जे सांगते, ते मोटार आणि ट्रक असा भेद करून सांगत नाही.

डीमध्ये राहिले की काम झाले, असेही नाही. कित्येक ऑटोमॅटिक गाड्या उतारावर पाय काढल्यावर वरच्या गिअरमध्ये सरकतात, कारण त्यांना कमी इंधन आणि कमी आवाज यांची शिकवण दिलेली असते. मग इंजिनाची ओढ नावापुरती उरते आणि चालक म्हणतो, डीमध्येही गाडी पळतेच आहे, मग एनने काय बिघडते? या तक्रारीवर उपाय दांड्यातच आहे, तो विरुद्ध दिशेला. एएमटी आणि बऱ्याच टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत मॅन्युअल मोड असतो; तिथे दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवता येतो. सीव्हीटी गाड्यांत एल, एस किंवा बी अशी खूण असते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या एसटी चालकांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. इंजिनाचा आवाज वाढतो, शेजारी बसलेले दचकतात, पण इंजिनाचे काही बिघडत नाही. त्यात तेव्हा पेट्रोलसुद्धा जळत नसते.

थांबलेल्या गाडीचा प्रश्न इतका एकतर्फी नाही, आणि तिथे गिअरबॉक्सची जात पाहावी लागते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते. डीमध्ये ब्रेक दाबून उभे राहिले की एक पंखा फिरतो, दुसरा थांबलेला असतो, आणि मधले तेल घुसळून थोडे तापते. घासून झिजणारा असा भाग तिथे नाही; तेलाचा कूलर ती उष्णता घेऊन जातो. इंधन एनपेक्षा किंचित जास्त जळते, पण अनेक नव्या गाड्या थांबताच आतल्या आत क्लच ढिला करून तोही फरक भरून काढतात. साताऱ्याच्या बसस्थानकापाशी किंवा सांगलीच्या विश्रामबाग चौकात अर्ध्या मिनिटाच्या थांब्याला दर वेळी एन आणि पुन्हा डी करणे म्हणजे आतले क्लच विनाकारण सोडणे-पकडणे होय. त्याने गिअरबॉक्स लगेच बिघडेल अशी भीती घालायचे कारण नाही, पण फायदाही नाही. एएमटी आणि डबल क्लचच्या गाड्यांत ब्रेक दाबला की क्लच आपोआप सुटलेला असतो. क्लच प्लेट जळेल या धास्तीने सिग्नलला एन करणारे एएमटीवाले खूप आहेत. उभ्या गाडीत, पाय ब्रेकवर असताना, ती धास्ती निराधार आहे. थांबा लांबला, रेल्वेचे फाटक पडले किंवा टोलनाक्यावर रांग हलेना, तर एन करून हँडब्रेक ओढावा आणि पायाला विश्रांती द्यावी. त्याहून लांबला तर सरळ इंजिन बंद करावे, पेट्रोल तिथेच खरे वाचते. एन करून हँडब्रेक न ओढणे मात्र कुठल्याच गिअरबॉक्समध्ये समर्थनीय नाही. सपाट वाटणारा चौक सपाट नसतो, ब्रेक दिवे विझलेले असतात, आणि मागून कोणी टेकले तर गाडी थेट पुढच्या दुचाकीवर जाते.

क्लच खरोखर जळतो तो वेगळ्याच ठिकाणी. सुट्टीच्या शनिवारी पुण्याकडून येणारी वाहतूक खंबाटकी चढताना तुंबते. रांग दोन गाड्यांएवढी सरकते, थांबते. एएमटीचा चालक चढावर गाडी मागे जाऊ नये म्हणून ॲक्सिलरेटर हलका दाबून तिला तोलून धरतो, आणि क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो. मॅन्युअल गाडीत डाव्या पायाला हे जाणवते. इथे तो पायच कामाला नसल्याने जळका वास येईपर्यंत काही कळत नाही. कोरड्या क्लचच्या डबल क्लच गाड्यांचीही हीच अडचण, त्यात डॅशबोर्डवर तापल्याची सूचना तरी येते. यावर एन हा उपाय सुचवला जातो, तो अर्धाच बरोबर आहे. चढावर एन केला की गाडी मागे घरंगळणार, म्हणून हँडब्रेकशिवाय तो घातक आणि हँडब्रेकसह ठीक. खरा उपाय असा की पुढच्या गाडीला चिकटून इंचाइंचाने सरकू नये. पुढे जागा मोकळी होऊ द्यावी, मग एकदम दोन-तीन गाड्यांचे अंतर तोडावे आणि पुन्हा ब्रेकवर थांबावे. उसाच्या ट्रॅक्टरामागेही हेच. भुईंजपासून वाळव्यापर्यंत कारखान्यांच्या रस्त्यांवर हंगामात ताशी दहा किलोमीटरने जाणाऱ्या ट्रॉलीमागे डीमध्ये सतत रांगत राहण्यापेक्षा अंतर सोडून पहिला गिअर नीट पकडू देणे क्लचच्या हिताचे असते. मागचा हॉर्न वाजवील, तर वाजवू द्यावा.

एनचे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी काम गाडी उतारावर लावताना आहे. पी म्हणजे गिअरबॉक्समधल्या एका दातेरी चाकात अडकणारी लहानशी लोखंडी खिट्टी. सज्जनगडाच्या वाहनतळावर किंवा पाचगणीतल्या उतरत्या गल्लीत डीमधून थेट पी लावून ब्रेक सोडला, की गाडीचा सगळा भार त्या खिट्टीवर टेकतो. नंतर पी काढताना खाडकन आवाज येतो तो त्याचाच. योग्य क्रम असा: ब्रेक दाबलेलाच ठेवून एन, मग हँडब्रेक पक्का, मग पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर बसू द्यायचा, आणि पुन्हा ब्रेक दाबून शेवटी पी. बहुतेक एएमटी गाड्यांना पी नसतोच. त्या उतारावर लावताना याच क्रमाने, पण शेवटी पीऐवजी गिअर टाकून, मग इंजिन बंद करावे, म्हणजे क्लच पकडलेला राहतो आणि इंजिन चाकांना अडवते. एनमध्ये ठेवून नुसत्या हँडब्रेकवर घाटात सोडलेली एएमटी ही एका केबलच्या भरवशावर उभी असते. चालकाने एन आणि पी यांत गल्लत केली तर काय होते, याचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला. फियाट क्रायस्लरच्या काही गाड्यांत दांडा प्रत्येक वेळी मधोमध परत येत असे, त्यामुळे कोणता गिअर लागला आहे हे हाताला कळत नसे. लोक पी समजून उतरत आणि गाडी घरंगळे. कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये सुमारे ११ लाख गाड्या परत मागवल्या. त्याच वर्षी जूनमध्ये अभिनेता अँटन येल्चिन त्याच्या घराच्या उतारावर घरंगळलेल्या, याच कंपनीच्या जीपने चिरडून मरण पावला. आपल्या मोटार वाहन कायद्याचे १२६ वे कलमही हेच बजावते, की परवानाधारक चालक सीटवर नसेल तर यंत्र बंद आणि ब्रेक लावलेला असल्याशिवाय गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवायची नाही. चहा घ्यायला एन करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून उतरणारे हे कलम रोज मोडतात.

चालत्या गाडीत एन करणे योग्य ठरते अशी एक वेळ मात्र आहे: इंजिन ऐकेनासे झाले तर. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटाच्या एका लेक्सस गाडीचा ॲक्सिलरेटर पायाखालच्या जाड मॅटमध्ये अडकला. गाडी प्रचंड वेगाने पळत सुटली आणि महामार्ग पोलिसातला अनुभवी अधिकारी व त्याच्या कुटुंबातले तिघे दगावले. त्यानंतर टोयोटाने लाखो गाड्या परत मागवल्या आणि एक साधी सूचना जगभर सांगितली गेली: ब्रेक जोरात दाबा, एन करा, कडेला थांबा, मगच इंजिन बंद करा. एन केल्यावर इंजिन किंचाळते. आजच्या गाड्यांत इंजिनाच्या फेऱ्यांवर मर्यादा असल्याने ते सहसा फुटत नाही, आणि फुटले तरी माणसे वाचतात. आपल्याकडे कंपनीच्या मॅटवर आणखी एक रबरी मॅट टाकण्याची हौस घरोघर आहे, म्हणून ही सूचना परदेशातली म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

राहिला पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आणि २०२१ च्या जुलैतल्या पुरात इमारतींच्या तळघरांत राहिलेल्या मोटारी बुडाल्या. पाणी ओसरल्यावर अशा गाडीची चावी फिरवणे हा पहिला गुन्हा, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर इंजिन जागीच मोडते. ती बाहेर काढायची तर एन लागतो, आणि नेमका तिथेच तो मिळत नाही. बॅटरी मेलेली असते. वीज नसेल तर पीमधून दांडा हलत नाही. बऱ्याच गाड्यांत दांड्याच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली कुलूप सोडवण्याची खाच असते: हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, तिथे चावी किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबला की एन लागतो. गाडीच्या पुस्तिकेत हे पान असते, पण ती पुस्तिकाही डॅशबोर्डच्या कप्प्यात भिजलेली असते, म्हणून पावसाळ्याआधी एकदा ती खाच पाहून ठेवलेली बरी. एएमटी गिअरमध्ये लावलेली असेल आणि बॅटरी गेली असेल, तर दांडा हलवून काही होत नाही. वीज जोडल्याशिवाय गिअर सुटतच नाही. तेव्हा तळघरातल्या सपाट जागेत, पाणी येण्याची भीती असताना, एएमटी एनमध्ये ठेवून हँडब्रेक लावणे आणि चाकाला दगड लावणे हे मी अधिक शहाणपणाचे मानतो. घाटातल्या नियमाच्या हे उलट आहे, पण धरून ठेवण्याची जबाबदारी इथे दगडाने घेतलेली आहे.

एन लागला म्हणून गाडी हवी तेवढी टोचन करून न्यावी असे नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सला वंगण पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरत असली, की आतले भाग कोरडे घासतात. सांगलीहून कोल्हापूरच्या वर्कशॉपपर्यंत दोराने ओढत नेलेली ऑटोमॅटिक पोहोचेपर्यंत इंजिनाच्या जोडीला गिअरबॉक्सही गमावून बसू शकते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाके उचलावीत, चारही चाकांवर चालणारी सपाट ट्रकवर चढवावी. तळघरातून रस्त्यापर्यंत ढकलण्यापुरताच एन.

विजेच्या गाडीने हा सगळा विषय पुन्हा वेगळा केला आहे. तिथे बदलण्याचे गिअर नाहीत, सिग्नलला डीमध्ये उभी असताना मोटर फिरतच नाही, आणि एन म्हणजे फक्त मोटरचा वीजपुरवठा तोडणे. उतारावर पाय काढला की मोटर जनरेटर होऊन गाडी मंदावते आणि बॅटरी भरते; एनमध्ये दोन्ही बंद. म्हणजे पेट्रोल गाडीत एनने थोडा खर्च होतो, इथे मिळणारी वीज सोडली जाते आणि ब्रेकही तापतात. एक अडचण मात्र नवीन आहे. पाचगणीत रात्रभर चार्जिंगला लावून शंभर टक्के बॅटरीने सकाळी पसरणी उतरायला निघाले, तर वीज ठेवायला जागाच नसते आणि पहिल्या काही वळणांवर मोटरची ओढ जवळजवळ मिळत नाही. चालकाला डीमध्ये असूनही एनमध्ये असल्यासारखे वाटते. त्यासाठी वर असताना चार्जिंग नव्वद टक्क्यांच्या आसपास थांबवावे. वाईपर्यंतचा उतार त्यात एक-सव्वा युनिटाची भर घालतो, चाळीस युनिटांच्या बॅटरीत तीनेक टक्के.